आधी आवक नंबर द्या, मग त्रुटी काढा

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हा शल्यचिकित्सक व त्यांचं दिव्यांग बोर्ड
मा. तहसीलदार व संजय गांधी शाखेतली सर्व टेबलं

विषय : दिव्यांगांचे अर्ज तोंडी परत न पाठवता दाखल करून घेऊन सर्व त्रुटी एकदाच लेखी कळवण्याबाबत.

महोदय,

विषय सरकारी भाषेत लिहिला, कारण तो तसा नसला तर पत्र पुढे वाचलं जात नाही. खालचं माझ्या भाषेत आहे.

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय आठ. एक मशीन, एक प्रिंटर, लॅमिनेशन आणि तऱ्हेतऱ्हेच्या फॉर्मांचे गठ्ठे. एकोणीस वर्षं इथं बसतोय. तालुक्याचं नाव लिहीत नाही. उद्या सकाळी शटर मला इथंच उघडायचंय.

दीड वर्षाचा असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. या एका पायाचे माझ्याकडे तीन दाखले आहेत. पहिला १९९४चा, डॉक्टरांनी निळ्या शाईनं लिहिलेला, ५५ टक्के. दुसरा २०१३चा, राज्यानं ‘सॅडम’ नावाची संगणक प्रणाली आणली तेव्हाचा, ६० टक्के. तिसरं यूडीआयडीचं, म्हणजे केंद्राच्या दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड, ५२ टक्के. पाय तोच आहे. मला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे मिळत नाहीत आणि मी मागतही नाही. त्यासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत लागतं, आणि दुकान त्याहून बरं चालतं. का चालतं, तेच सांगायला बसलोय.

तुमच्या टेबलावरून परत आलेला माणूस रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे येतो. ‘भाऊ, हे ऱ्हायलं म्हणतात.’ एक कागद राहिलेला असतो. मी काढून देतो. आठ दिवसांनी तोच माणूस, दुसरा कागद. मग तिसरा. एका फाइलचे माझ्या गल्ल्यात सहज दीडशे-दोनशे रुपये पडतात. तेव्हा हे पत्र लिहून मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय, आणि माझ्याकडे धड पाय एकच आहे.

एकाच फाइलची हकिकत सांगतो.

नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा. वय ४४. एका पहाटे उठताना उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. त्याला सगळं कळतं, पण तोंडातून एकच शब्द येतो, ‘हो’. तहान लागली तरी ‘हो’, राग आला तरी ‘हो’. बायको साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद घेऊन आली. पिशवीत डिस्चार्ज कार्ड होतं, पतसंस्थेचं पासबुक होतं, रेशनकार्ड होतं, आणि एमआरआयची फिल्म पिशवीत मावेना म्हणून मधोमध घडी घातलेली होती. घडीची पांढरी रेघ बरोबर मेंदूच्या मधून गेलेली.

दवाखान्यातून सोडल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ती नवऱ्याला रिक्षात घालून बोर्डाला, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांकडे, घेऊन गेली होती. गावापासून जायचे-यायचे ८०० रुपये. तिथं व्हरांड्यातच कुणीतरी सांगितलं, ‘सहा महिने झाल्याशिवाय टक्केवारी काढत नाहीत, नंतर या.’ हे बरोबर आहे. मज्जासंस्थेच्या आजारात साधारण सहा महिन्यांनी तपासायचं, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, कारण तोवर अंग किती परत येतं ते पाहायचं असतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की ‘नंतर या’ म्हणणाऱ्यानं या सहा महिन्यांत काय करून ठेवायचं ते सांगितलं नाही. ती घरी जाऊन बसली. तिनं खरोखरच सहा महिने वाट पाहिली, बरोबर मोजून. आणि सातव्या महिन्यात सगळं शून्यापासून सुरू झालं.

आधी कळलं की बोर्डासमोर जाण्यापूर्वी केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. भरायला गेली तर आधारवर वडिलांच्या नावात ‘राव’ आहे, रेशनकार्डावर नाही. आधार दुरुस्तीला गेली तर यंत्रावर अंगठा मागितला, उजव्याच हाताचा. उजवी मूठ कायमची आवळलेली. ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण आधार केंद्र माझ्या शेजारच्याच गाळ्यात आहे. ती खाली बसली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सोडवायला लागली, शेंग सोलावी तसं. अंगठा मोकळा करून काचेवर ठेवला की बाकीची बोटं परत मिटायची आणि अंगठ्याला आत ओढून घ्यायची. तीन वेळा झालं. ऑपरेटरचा पोरगा स्क्रीनकडे बघत ‘नाही घेत, नाही घेत’ म्हणत होता आणि हा बिचारा दर वेळी ‘हो’ म्हणत होता. शेवटी मी काउंटरवरून ओरडलो, ‘अरे, डाव्या हाताचं घे की! दहांपैकी कुठलंही बोट चालतं.’ घेतलं. पहिल्या फटक्यात लागलं.

मी ओरडायला तिथं नसतो तर?

बोर्डाच्या तारखेला मूळ रिपोर्ट मागितला, तिच्याकडे फिल्म होती, रिपोर्ट नव्हता. पुन्हा ८०० रुपये. पुढच्या तारखेला डॉक्टरांनी नीट तपासलं, दहा मिनिटं दिली, ७५ टक्के काढले. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार, हे मुद्दाम लिहितो.

कार्ड आलं आणि फाइल रस्ता ओलांडून तुमच्याकडे आली, तहसीलदारसाहेब. इथं उत्पन्नाचा दाखला. तो निघाला ९६,००० रुपयांचा. बरोबरच होता, कारण दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा आणि मागच्या वर्षी माणूस टेम्पो चालवत होता. आजार या वर्षाचा, उत्पन्न त्या वर्षाचं. आज घरात तिच्या खुरपणीच्या मजुरीशिवाय रुपया येत नाही, पण कागदावर तो अजून टेम्पोवरच बसलेला आहे. ‘नवीन वर्षाचा दाखला काढा,’ म्हणाले. काढला. तोवर तलाठी बदलले. रहिवासाचा पुरावा पंधरा वर्षांचा हवा, तो जोडला. मग कळलं की पतसंस्थेचं पासबुक चालत नाही. बँकेत खातं काढलं. मग कळलं की खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि त्या खात्यावर डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्याची सोय, चालू असणं वेगळं. हा फरक मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हता. बँकेतल्या माणसाला ‘आधार लिंक आहे का’ विचारलं तर तो ‘आहे’ म्हणतो आणि ते खोटंही नसतं.

एकूण अकरा फेऱ्या. मी मोजल्यात, कारण अकराही वेळा ती माझ्या दुकानात येऊन गेली. त्यातल्या चार वेळा नवऱ्याला उचलून आणावं लागलं.

आता माझा मुद्दा. या अकरा फेऱ्यांतला एकही नकार तुमच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडणार नाही. तुमच्या लेखी तिचा अर्ज एकदाच आला आणि तो दाखल झाला. कारण टेबलावर फाइल चाळून, एक कागद कमी दिसला की ती तशीच परत सरकवतात. आवक, म्हणजे अर्ज आल्याची नोंद, होत नाही. आवक नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे मुदत सुरूच होत नाही. २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम म्हणतो की अधिसूचित सेवेचा अर्ज आला की पोच द्या आणि नाकारला तर कारण लेखी द्या. उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये दंड. कायदा चांगला आहे. पण जो अर्ज आलाच नाही तो नाकारणार कसा आणि त्याला उशीर होणार कसा? सरकवलेल्या फाइलचं अपील कुठंच करता येत नाही.

दाखल्याचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं नियम बदलून दिव्यांग प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने केली. ठीक आहे, डॉक्टर कमी आहेत, मान्य. त्याच दुरुस्तीत असंही आलं की अर्जदाराच्या बाजूनं काही राहून दोन वर्षं निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो. म्हणजे आम्ही थांबलो की अर्ज मेला. तुम्ही थांबवलं की काय होतं, ते तुम्हीच सांगा.

शटरच्या आतल्या बाजूला मी एक पुठ्ठा लावलाय, मार्करनं लिहिलेला. कोणी फाइल करायला आलं की आधी तो वाचून दाखवतो. पहिलं नाव. आधार, रेशनकार्ड, पासबुक, दवाखान्याचे कागद, सगळीकडे नाव सारखं हवं, मराठीतही आणि इंग्रजीतही. नसेल तर आधी ती दुरुस्ती, बाकी सगळं त्यानंतर. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा आणि तो फोन घरात हवा. पुण्याला कंपनीत गेलेल्या पोराचा नंबर दिलात तर ओटीपी पुण्यालाच जाणार. बँकेत जाऊन ‘डीबीटी चालू करून द्या’ असंच म्हणायचं, दुसरं काही विचारायचं नाही. दवाखान्याचा एकही कागद टाकायचा नाही, केसपेपरसुद्धा, आणि फिल्मची घडी घालायची नाही. पोर्टलवर अर्ज भरला की नोंदणी क्रमांक पाठ करायचा किंवा दोन ठिकाणी लिहायचा. अठरा वर्षांवरचं मूल मतिमंद किंवा स्वमग्न असेल तर कलेक्टरसाहेबांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचा दाखला आधी काढायचा. आईला आईपणाचा दाखला कशाला लागतो म्हणून भांडत बसायचं नाही, बँक ऐकत नाही. उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प घ्यायचा नाही, तो माफ आहे, कोणी कितीही सांगो. आणि उत्पन्नाचा दाखला सगळ्यात शेवटी काढायचा, कारण तो ३१ मार्चला मरतो. फेब्रुवारीत हौसेनं काढलेले दाखले मी एप्रिलमध्ये रद्दीत जाताना पाहतो. इथं एक कागद पिकेपर्यंत दुसरा नासतो.

ही यादी मी लोकांच्या रिक्षाभाड्यावर शिकलोय. ती तुमच्या भिंतीवर हवी होती. तुमच्या भिंतीवर नागरिकांच्या सनदेचा फलक आहे, आणि त्यात आवश्यक कागदपत्रांच्या रकान्यात लिहिलंय, ‘विहित नमुन्यातील अर्ज व आवश्यक कागदपत्रे’. आवश्यक कुठली, तेच विचारायला माणूस आलेला असतो हो.

‘नियम आहेत, पडताळणी करावी लागते, बोगस लोक घुसतात.’ ऐकतो हे रोज. बोगस घुसतात हे खरंच आहे. २०२४ मध्ये आपल्याच राज्यातलं एक मोठं प्रकरण देशभर गाजलं, त्यानंतर बोर्डातले डॉक्टर प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागले. बोगस दाखल्यावर फायदा घेणाऱ्याला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वापरा ते कलम. मी साक्षीला येईन, माझ्या दुकानातून जाणारे काही कागद मलाही ओळखू येतात. पण बोगस माणूस अकरा फेऱ्या मारत नाही. त्याचं काम एका फेरीत होतं, त्याच्यासोबत कोणीतरी असतं. फेऱ्या खऱ्याच माणसाच्या होतात.

आणि ठरवलं तर तुम्हाला सोपं करता येतं, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. २०२४च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नव्हती. अंगणवाडीच्या ताई घरी येऊन फॉर्म भरत होत्या. रक्षाबंधनाच्या आधी दोन हप्ते खात्यात. त्या महिन्यात माझं मशीन दोनदा गरम होऊन बंद पडलं. त्यात पुढं नको ती नावंही निघाली, सरकारी नोकरीतल्यासुद्धा, आणि मग केवायसी आली; ते सोडा. मुद्दा एवढाच की अडीच लाखांच्या आतल्या बाईचं उत्पन्न रेशनकार्डावरून कळतं, तर मूठ न उघडणाऱ्या टेम्पोवाल्याचं का कळत नाही? त्याच्याकडेही पिवळंच कार्ड आहे.

या कामाला तीन खाती लागतात. दाखला आरोग्य खात्याचा. तपासणी महसूलची. पैसे सामाजिक न्यायचे. २०२२च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते. सचिव महोदय, आज मोजलं तर या तिन्हींतलं एकही तुमच्या हातात नाही. २०२५च्या सप्टेंबरात दिव्यांगांचे १,५०० रुपये २,५०० करायचं ठरलं, फार बरं झालं. पण रक्कम वाढल्यानं फेरी कमी होत नाही.

दोन गोष्टी झटपट सांगून टाकतो, नाहीतर राहून जातील. कानाच्या तपासणीच्या दिवशी बोर्डात नाव पुकारून आत बोलावतात. एक मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी, तिचं नाव दोनदा पुकारलं गेलं, ती समोर बाकड्यावर बसलेली, नंबर गेला. नंबराचा कागद लावा, हात करून बोलवा, काहीही करा. दुसरं, चेहरा दाखवून केवायसी करताना मोबाइल म्हणतो ‘डोळे मिचकवा’. पूर्ण अंध माणसाला. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसी दिव्यांगांना जमेल अशी करा. आमच्या तालुक्यात अजून मिचकवायलाच सांगतात.

माझी मागणी एकच आहे आणि तिला पैसा लागत नाही. कोणी फाइल घेऊन आलं, कितीही अपुरी असो, ती घ्या. आवक नंबर टाका. मग बसून एकदाच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघा आणि जे-जे कमी असेल ते एका कागदावर लिहून, सही-शिक्का करून हातात द्या. त्या कागदावर नसलेली त्रुटी पुढच्या खेपेला काढायची नाही. बोर्डानंही तसंच : ‘सहा महिन्यांनी या’ हे लिहून द्या, तारीख टाकून, आणि त्याच कागदाच्या मागे तोवर काय करून ठेवायचं ते छापा. तलाठी बदलला, टेबल बदललं, अर्ज मंजूर करणारी कमिटी बसायची राहिली, तरी तो कागद माणसाच्या हातात राहील.

त्या बाईची फाइल सध्या दाखल आहे. आवक नंबर मिळाला त्या दिवशी तिनं त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एक लॅमिनेट करायला सांगितली. मी म्हटलं, ‘वहिनी, आवक नंबर कुणी लॅमिनेट करत नाही.’ ती म्हणाली, ‘करा भाऊ, भिजला बिजला तर परत कोण देणार?’ केली. आता ती रोज नाही, पण आठवड्यातून एकदा फोन करते, ‘कमिटी बसली का?’ कमिटी अजून बसलेली नाही.

त्रुटीपत्राचा नमुना मी तयार करून ठेवलाय. एक पान, पाठपोट. वर नाव, आवक नंबर, तारीख. खाली कागदांची यादी, प्रत्येकापुढे ‘आहे’ आणि ‘नाही’चे चौकोन. मागच्या बाजूला पुठ्ठ्यावरचा मजकूर, जरा मोठ्या अक्षरात. पहिल्या हजार प्रती माझ्याकडून, कागद-शाईसकट. शनिवार-रविवार कचेरी बंद म्हणून मीही बंद असतो. बाकी कुठल्याही दिवशी साडेनऊनंतर शिपायाला पाठवा.

आपला विश्वासू,
फाटकासमोरचा झेरॉक्सवाला